टर्बियमभोवतीचं पाणी

सोमवारी सकाळी टेबलावर काय काय आहे ते मी मोजलं. धावड्याच्या डिंकाचे खडे चौदा, सगळ्यांत मोठा लिंबाएवढा. टर्बियम क्लोराइड ०.८ ग्रॅम. क्वार्ट्झच्या चौकोनी नळ्या दोन, त्यातल्या एकीचा कोपरा उडालेला. जड पाणी सहा मिलिलिटर. वहीची कोरी पानं एकोणीस. आणि मोजायचं उसनं यंत्र मुंबईला परत जायला दिवस नऊ.

वहीत दोन आकडे होते. जानेवारीतला ४.१ आणि परवा शनिवारचा ६.२. डिंक तोच, टोपली तीच, मोजणारी मीच. हे दोन आकडे एकाच वहीत बसायला नको होते.

मी जव्हारच्या कॉलेजात प्रकल्प सहायक आहे. काम सांगायला सोपं आहे. टर्बियम हा धातू पाण्यात विरघळला की त्याच्या प्रत्येक आयनावर तीन धन भार असतात. त्याच्यावर अतिनील प्रकाशाचा झोत मारला की तो हिरवा उजळतो आणि विझतो. विझायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. इतक्या लवकर तो विझतो तो पाण्यामुळे. प्रत्येक आयनाला नऊ पाण्याचे रेणू चिकटून बसलेले असतात आणि उजेडाची ऊर्जा तेच खाऊन टाकतात. डिंक म्हणजे लांबच लांब साखळ्या, आणि त्या साखळ्यांवर थोड्या थोड्या अंतरावर ऋण भार. साखळी आयनाला ओढून घेते. ती जिथे बसते तिथलं पाणी उठतं. पाणी जितकं कमी, तितका उजेड जास्त वेळ टिकतो. जड पाण्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो आणि ते पाणी उजेड जवळजवळ खातच नाही. म्हणून साध्या पाण्यात किती वेळ आणि जड पाण्यात किती वेळ, हे दोन आकडे मिळाले की आयनाभोवती किती रेणू उरले ते गणिताने काढता येतं. नऊपैकी किती उरले, एवढंच मला शोधायचं होतं.

जानेवारीत उत्तर आलं चार पूर्णांक एक. म्हणजे डिंकाने पाच रेणू उठवले. झाडाच्या साध्या डिंकाने असं करावं याचं सगळ्यांना नवल वाटलं. प्रकल्प चालवणाऱ्या हरेश सरांनी ते एका परिषदेला पाठवलं, तिथे पोस्टर मंजूर झालं. मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडमनी फोन करून विचारलं की, ही मुलगी पीएचडीला येईल का, याच विषयावर एक जागा आहे. मी हो म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये मला बसायला जागा मिळाली नव्हती आणि मोखाड्यापर्यंत उभं राहून पाय दुखले होते, ते मात्र आठवतं.

शनिवारी सर म्हणाले, "पोस्टरला एक रीडिंग अजून घे. दोन असली की बरं दिसतं."

घेतलं. ६.२ आलं. त्यात सहा मिलिलिटर जड पाणी गेलं. अर्धं डिंकातलं साधं पाणी काढून टाकायला, अर्धं मोजायला. उरलं सहा, म्हणजे अजून एकदाच.

सोमवारी आधी यंत्र तपासलं. डिंक न घालता, नुसत्या पाण्यात टर्बियम. उजेड टिकला ०.४१ मिलिसेकंद. पुस्तकात देतात तेवढंच. पुन्हा घेतलं, ०.४१. मध्ये वीज गेली. आमचे प्रयोगशाळा परिचर गोरखभाऊ दारात स्टूल टाकून बसले होते. निवृत्तीला त्यांना चार महिने उरलेत आणि ते रोज उलटे मोजतात.

"काय गं बाय, तुझा तो डिंक उजेड देतो म्हणतेस ना? मग लाव की, चहा तरी करू त्या उजेडात."

"हजाराव्या भागात चहा होईल का भाऊ?"

"आपल्या प्राचार्यांचा चहा तेवढ्यातच होतो. पाणी दाखवतात आणि आणतात."

वीज दीड तासाने आली. तिसऱ्यांदा ०.४१. यंत्र बरोबर होतं. मग चुकतं ते डिंकातच.

डिंक माझ्या आत्याने गेल्या उन्हाळ्यात आणला होता. हौशी तिचं नाव, मी तिला आते म्हणते; ती पोशेऱ्याला राहते. फाल्गुनात धावड्याच्या सालीला कोयत्याचे छोटे घाव घालायचे, आठ-दहा दिवसांनी वर आलेला डिंक वेचायचा, हे ती लहानपणापासून करते. मी मागितला तेव्हा ती खूश झाली होती. घरातल्या कुणीतरी कॉलेजसाठी तिच्याकडे काही मागितलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. मला आता तिला विचारायचं होतं की हे खडे एकाच झाडाचे का, की धावड्यात दुसरं कुठलं झाड मिसळलं. मंगळवारी सुट्टी टाकली, मोखाड्यापर्यंत जीपने गेले, तिथून पोशेऱ्यासाठी दुसरी जीप भरायची वाट पाहिली. चौदा माणसं झाल्याशिवाय ड्रायव्हर हलत नव्हता. तेराव्या माणसानंतर पाऊण तास गेला.

आते ओट्यावर बसली होती. पुढ्यात सुपात ताजा डिंक, अजून मऊ, बोटाने दाबला तर खळगा पडेल असा. शेजारी एका फडक्यात चाळलेली राख. ती एकेक खडा उचलून राखेत लोळवत होती आणि टोपलीत टाकत होती.

"ये. मोठी मास्तरीण आली. जेवलीस?"

"जेवले. आते, हे काय करतेस?"

"दिसत नाय? डिंक राखेत घालते."

"नेहमी घालतेस?"

"नाय तं काय? एकाला एक चिकटून भाकर होते त्याची. उडदाला नाय घालत राख? नागलीच्या बियाण्याला नाय घालत?"

घालतात. आमच्या घरी उडीद, वाल, बियाणं, सगळं राखेतच असतं. कणगी उघडली की आधी राख उडते, मग दाणा दिसतो. मी जन्मापासून ते बघत आले. जानेवारीत कॉलेजात टोपली उघडली तेव्हा खडे करडे होते, हे मला आता आठवलं. घरी उडीद धुतात तसे मी ते दोन पाण्यांनी धुतले आणि वहीत लिहिलं, "खडे धुऊन घेतले." काय धुतलं ते लिहिलं नाही. बाहेरून आलेल्या कुणीही पहिल्याच दिवशी विचारलं असतं की, ही करडी पूड कसली. मला ती दिसलीच नव्हती.

"माझ्या डिंकालाही घातली होतीस?"

"तुझ्याला तं दोनदा घातली," आते म्हणाली. "कालेजात जायचा, चांगला दिसला पायजे. ओला असताना एकदा, सुकल्यावर एकदा. शेजारच्या कोंडीला म्हटलं, बघ कसे सुटे सुटे खडे, मोत्यावानी."

ओला असताना. म्हणजे राख नुसती वर नव्हती, सालपटासारखी आत बसली होती. दोन पाण्यांनी ती निघणार नव्हती. खडा लहान असला तर राख जास्त, मोठा असला तर कमी. जानेवारीत मी लहान खडे घेतले होते, लवकर विरघळतात म्हणून. शनिवारी मोठा फोडून घेतला होता.

मी ओट्यावर बसले. टोपलीतला एक खडा उचलून नखाने खरवडू लागले, तसा आतेने हात थांबवला.

"काय झाला? बिघडला का काय तुझा?"

"बिघडलं नाही. मोजण्यात चूक झाली. राखेमुळे."

"राखेनं काय होतं? राखेनं भांडी निघतात."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. धातूचे बारीक कण आहेत, डोळ्याला न दिसणारे. मला वाटलं त्यांना डिंकाने धरलं. पण राखेतही त्यांना धरणारं काहीतरी असतं. आता कुणी किती धरलं ते कळत नाही.

आतेने ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे बैल कुणी बांधला ते बघाया गेलीस, आन् गोठ्यात दोघं गडी होते."

"हो. तसंच."

"एवढी शिकलीस नि राख वळखली नाय तुला?"

ती हसायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली आणि आत जाऊन चहा ठेवला. निघताना तिने राख न लावलेले चार खडे पळसाच्या पानात बांधून दिले. "चिकटले तं मला बोलू नको," म्हणाली.

मोखाड्याला पोचेपर्यंत ते चिकटून एक झाले होते.

बुधवारी जुन्या चौदांतल्या एका लहान खड्याचं सालपट खरवडलं आणि काचेवर ठेवून त्यावर पातळ आम्लाचा एक थेंब सोडला. थेंब फसफसला. बुडबुडे बारीक होते, पण भिंगातून स्पष्ट दिसत होते. राखेत कार्बोनेट असतं, आम्ल पडलं की त्यातून वायू सुटतो. मग चुलीची साधी राख पाण्यात ढवळली, गाळली आणि त्यात टर्बियमचे चार थेंब टाकले. पाणी दुधाळ झालं. तेच मी आतेच्या नव्या डिंकाचा चिमूटभर तुकडा विरघळवून, त्यात राखेचं पाणी घालून केलं. दुधाळ झालं नाही. टर्बियम राखेच्या कार्बोनेटशी जुळून बारीक कण होत होते आणि डिंक ते कण खाली बसू देत नव्हता, तरंगते ठेवत होता. म्हणून जानेवारीत मला द्रावण नितळ दिसलं होतं. उजेड विझण्याच्या रेषेला तेव्हा शेपटीकडे थोडा बाक होता. मी तो यंत्राची खरखर म्हणून सोडून दिला होता. वहीत तसं लिहिलंयसुद्धा.

सर चार वाजता आले. लेक्चरं सलग घेऊन त्यांचा आवाज बसला होता. मी काच, दोन परीक्षानळ्या आणि वही पुढे ठेवली. त्यांनी नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या, एक दुधाळ, एक नितळ. खुर्चीत बसले.

"पोस्टर छापायला गेलंय," ते म्हणाले.

"माहीत आहे सर."

"चार पूर्णांक एक हे काही तू मनाने लिहिलेलं नाहीस. यंत्राने दिलेलं आहे."

"यंत्राने जे समोर होतं ते मोजलं. समोर डिंक आणि राख होती. आपण लिहिलंय नुसता डिंक."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते साताऱ्याकडचे आहेत, अकरा वर्षं इथे आहेत. "राख लावतात हे मला नाही माहीत. तुला माहीत होतं."

"हो सर."

"मग?"

"माहीत होतं म्हणूनच दिसलं नाही."

त्यांनी परत नळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक पर्याय असा की परिषद होऊ दे. पुढच्या महिन्यात स्वच्छ नमुन्यावर सावकाश मोजू आणि नंतर दुरुस्ती कळवू. तुझी जागा तोवर पक्की होईल."

"यंत्र पुढच्या बुधवारी जातंय. नंतर मोजणार कशावर?"

"ते आहेच." त्यांनी कपाळ चोळलं. "जड पाणी?"

"सहा मिली. एकदा पुरेल."

"आणि ते एकदा बिघडलं तर?"

"तर आपल्याकडे आकडा नाही, असं कळवायचं."

"मुंबईच्या मॅडम कडक आहेत, योगिता. त्यांना विषय हवाय, कारणं नकोत."

मी मान हलवली. मला तेव्हा फार थकवा आला होता. काल चार जीप बदलल्या होत्या, रात्री झोप नव्हती. वाद घालायची ताकद नव्हती, एवढंच खरं सांगता येईल. सरांनीच शेवटी म्हटलं, "मेल तू लिही. माझं नाव खाली टाक. चूक दोघांची आहे, मी नमुना न बघता सही केली होती."

मेल सहा ओळींचं झालं. नमुन्याला साठवणुकीची राख होती, ती नोंदवली गेली नाही, ४.१ हा आकडा आम्ही मागे घेत आहोत, स्वच्छ नमुन्याचं मोजमाप सोमवारी होईल. नेटवर्क नव्हतं. गोरखभाऊंनी सांगितलं की गच्चीवर टाकीच्या मागे एक कांडी येते. तिथे उभं राहून पाठवलं.

उत्तर गुरुवारी सकाळी आलं. मॅडमनी लिहिलं होतं: कळवल्याबद्दल आभार. पोस्टर थांबवले आहे. स्वच्छ नमुन्याचा आकडा पाच किंवा पाचाच्या खाली आला तर विषय आणि जागा दोन्ही कायम. वर गेला तर हा विषय आमच्याकडे चालवण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्या विषयासाठी आधीपासून अर्ज आहेत.

सरांनी ते मोबाइलवर वाचलं आणि परत दिलं. "स्पष्ट आहे," म्हणाले.

आतेने दिलेला एक झालेला गोळा मी फोडला. तरी खात्रीसाठी वरचा थर काढून फक्त गाभा घेतला. विरघळायला रात्र गेली. गाळताना सालीचे सात बारीक तुकडे निघाले. मग द्रावण डायलिसिसच्या नळीत भरलं. ही एक पातळ पारदर्शक पिशवी असते. हिच्यातून बारीक क्षार बाहेर जातात, डिंकाच्या लांब साखळ्या आतच राहतात. दोन्ही टोकं बांधून ती शुद्ध पाण्याच्या बादलीत टांगली. पाणी चार वेळा बदलायचं. आमचं ऊर्ध्वपातन यंत्र तासाला दीड लिटर पाणी देतं, आणि एका वेळेला दहा लिटर लागतं. नळाला पाणी सकाळी दोन तास. उरलेलं गोरखभाऊ आणि मी मागच्या विहिरीवरून आणत होतो.

"बाय, डिंकाला एवढी आंघोळ?" दुसऱ्या दिवशी कळशी ठेवताना ते म्हणाले. "माझ्या लग्नातसुद्धा मला एवढं पाणी नव्हतं घातलं."

"म्हणून भाऊ अजून हळद निघाली नाही."

"निघेल, चार महिन्यांनी."

बादलीतल्या पाण्याची वाहकता मी प्रत्येक वेळी मोजली. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त येते. पहिल्यांदा १८६, मग ४१, मग ९, मग ३. शुद्ध पाणी स्वतः २ दाखवत होतं. चौथ्यानंतर थांबले. शनिवारी दुपारी घरी गेले नाही. जव्हारला मैत्रिणीकडे राहिले, कारण जीपमध्ये उभं राहायची इच्छा नव्हती. रविवारी द्रावण कमी उष्णतेवर सुकवलं. काचेवर पिवळसर पापुद्रा उरला. वजन ०.२१४ ग्रॅम. त्याच्या कडेवर आम्लाचा थेंब टाकला. काही झालं नाही. पाच मिनिटं भिंगातून बघत राहिले, तरी नाही.

सोमवारी पापुद्र्याचे दोन भाग केले. एक साध्या पाण्यात. दुसऱ्यावर तीन मिलिलिटर जड पाणी घालून पुन्हा सुकवला, म्हणजे आत लपलेलं साधं पाणी जाईल. मग उरलेल्या तीन मिलिलिटरमध्ये विरघळवला. बाटली उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले. कोपरा न उडालेली नळी घेतली. आम्लता मोजली, दोन्हीकडे सारखी. टर्बियम दोन्हीत सारखंच.

सर आले होते. लेक्चर सोडून आले असावेत. गोरखभाऊंनी दार लावून घेतलं आणि मीटरच्या पेटीजवळ जाऊन उभे राहिले, जणू ते तिथे उभे असताना वीज जाणार नाही.

साध्या पाण्यातलं मोजमाप आधी घेतलं. झोत, आणि पडद्यावर खाली येणारी रेषा. शंभर झोतांची सरासरी. शेपटीकडचा भाग मोठा करून पाहिला. बाक नव्हता. रेषा सरळ उतरत होती. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा आकडा तोच. वहीत उतरवला.

मग नळी पुसली आणि जड पाण्यातलं द्रावण भरलं. नळी ठेवताना दोन्ही हात वापरले. पुन्हा शंभर झोत. इथे उजेड लांब चालतो, म्हणून वेळ लागतो. दुसऱ्या मापाच्या मधोमध पंखा एकदा मंदावला, सगळ्यांनी वर पाहिलं, आणि तो पुन्हा फिरू लागला. तिसरं माप पूर्ण झालं.

"गणित कर," सर म्हणाले.

कॅल्क्युलेटरवर केलं. मग कागदावर केलं. सरांनी कागद ओढून स्वतः एकदा केलं. तिन्ही उत्तरं एकच आली. मी मोबाइल काढला, मॅडमचं मेल उघडलं, आणि वहीत लिहिलं होतं तेच खाली उतरवलं.

नमुना: धावड्याचा डिंक, राखविरहित, डायलिसिस केलेला. साध्या पाण्यात ०.४९ मिलिसेकंद. जड पाण्यात ३.३ मिलिसेकंद. टर्बियमच्या एका आयनाभोवती उरलेले पाण्याचे रेणू ७.३, कमी-अधिक ०.५.